फोनसकट विश्रांती

त्या एका आठवड्याच्या फेऱ्यांतून कप्तानाच्या पदरात पडणार होते चार शनिवार. बस, एवढंच. पगारवाढ नाही, बढती नाही, खांद्यावर एक पट्टी जास्त नाही. महिन्याचे चार शनिवार, आधी सांगून दिलेले, पेनानं लिहिलेले. तुम्ही म्हणाल, हे काय मागणं झालं? इस्त्रीवाल्यालाही आपली सुट्टी कधी ते ठाऊक असतं. असतं ना. पण इस्त्रीवाला खाजगी विमान चालवत नाही.

कप्तान चालवायचा. विमान एका बड्या मालकाचं, आतून सायीच्या रंगाचं, मागे आठ खुर्च्या. ते सांभाळायला एक कंपनी नेमलेली, आणि त्या कंपनीत वैमानिकांना फोन करून बोलावण्याच्या जागेवर कप्तानाचा मेहुणा. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. नोकरी त्यानंच लावून दिली होती. उपकार नात्यातला असला की तो कधी फिटत नाही, हे कप्तानाला उशिरा कळलं.

शेजारीपाजारी म्हणायचे, "तुमचं काय बुवा, तुम्ही हवेत!" कप्तान हसायचा. हवेत तो फार थोडा वेळ असायचा. बाकीचा सगळा जमिनीवर, आणि जमिनीवरची कामं शेजाऱ्यांना कुणी सांगितली नव्हती. गालिचा झाडणं. खुर्च्यांचं कातडं पुसणं. मालकीणबाईंना हव्या त्याच रंगाची फुलं शोधत परक्या शहरात हिंडणं. बर्फ आणणं, पेट्या चढवणं, पेट्या उतरवणं. विमानातल्या संडासाची टाकी रिकामी करायला कुणी फिरकलं नाही तर बाह्या सरसावून तीही. मग हात धुवायचे, टोपी घालायची आणि दारात उभं राहून म्हणायचं, "या सर, हवा छान आहे आज."

या कामांबद्दल त्याची फारशी कुरकुर नव्हती. त्याचा राग होता तो एका शब्दावर. विश्रांती.

कंपनीत वेळापत्रक नावाची वस्तू नव्हती. फोन होता. फोन वाजला की तासाभरात विमानाशी हजर व्हायचं. मग फोन वाजेपर्यंतचा वेळ कशात धरायचा? कंपनी म्हणे, विश्रांतीत. माणूस घरीच तर होता! आणि दिवसभर फोन वाजलाच नाही तर? मग तो दिवस सुट्टीचा. म्हणजे आपल्याला सुट्टी होती हे कप्तानाला सुट्टी संपल्यावर कळायचं. आख्खा दिवस माणूस फोनकडे बघत, घरापासून लांब न जाता, दारूचा एक घोट न पिता काढायचा आणि शेवटी कंपनी त्याला सांगायची, झाली बरं का मजा करून.

त्याच्या फ्रिजवर एक कॅलेंडर होतं. बायको त्यावर पेन्सिलीनं लिहायची, आणि खोडरबर दोऱ्यानं शेजारीच बांधून ठेवलेला. दातांचा डॉक्टर, बँक, मावशीकडे जेवायला. खोडून खोडून काही चौकोनांतला कागद इतका विरला होता की खालचा महिना दिसायचा.

"माझ्या भावाला सांगा," ती म्हणायची, "मला नवरा पेनानं लिहून पाहिजे."

ती पूर्वी पोहायला शिकवायची. पाण्याला भिणारी पोरं तिच्याकडे मुद्दाम पाठवत. मग आप्पांना, म्हणजे कप्तानाच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि घरात सतत कुणीतरी हवं झालं. ज्याचा भरवसा नाही त्या नवऱ्याच्या जिवावर नोकरी कशी करणार? सोडली. आता तलावावरून पुन्हा बोलावणं आलं होतं. लहान मुलांचा वर्ग, फक्त शनिवारी. अट एकच: खाडा चालणार नाही.

मेहुण्याला हे ठाऊक होतं. म्हणून तर गळाला त्यानं शनिवारच लावले. दुसरा कप्तान कंटाळून सोडून गेला होता, नवा मिळत नव्हता, आणि मालकाचं येणं-जाणं वाढलेलं.

"भाऊजी, एवढा एक आठवडा निभावून न्या. पुढच्या महिन्यापासून चारही शनिवार तुमचे. ताईच्या गळ्याशपथ."

"तुझ्या गळ्याची घे," बायको मागून म्हणाली. "माझा मला लागतो."

तो आठवडा असा गेला. सोमवारी पहाटे फोन आला. कप्तान आंघोळीला गेलेला, बायकोनं उचलला. "ताई, भाऊजींना म्हणावं निघा." गणवेश चढवून कप्तान दारापर्यंत पोचला तोवर दुसरा फोन. "थांबा जरा. मालकांचं डोकं दुखतंय." दुपारी, "तयार राहा हं." संध्याकाळी, "बहुतेक उद्या." मंगळवारी तेच, बुधवारी तेच, फक्त मालकाचं डोकं जाऊन पोट आलं. कप्तान पायात बूट घालून सोफ्यावर झोपायचा, म्हणजे डोळे मिटून फोनची वाट पाहायचा. बायको तोच सदरा रोज इस्त्री करायची. आप्पा पलंगावरून बघत राहायचे; झटक्यानंतर त्यांच्या तोंडी एकच शब्द नीट उरला होता, "कधी?", आणि तो त्या घरात दर वेळी लागू पडायचा.

"सांग ना बाबा एकदाच," बुधवारी कप्तान फोनमध्ये ओरडला, "जायचं की थांबायचं!"

"चिडताय कशाला, भाऊजी? घरीच तर आहात. आराम करा."

गुरुवारी उजाडायच्या आत ते उडाले.

शेजारच्या खुर्चीत उजवी होती. ही त्याची सहवैमानिक. उजव्या बाजूला बसते म्हणून कप्तानानं पाडलेलं नाव. वयानं लहान, जिभेनं मोठी. आपण अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असं कंपनीनं तिच्याकडून आधीच लिहून घेतलं होतं. तिचाही आठवडा कप्तानासारखाच गेलेला, फक्त तिच्या सोफ्याचं कापड वेगळं.

मालकाला एका शहरात उतरवलं. "तासाभरात आलोच," म्हणून तो गाडीत बसून गेला. वारा धुळीचा होता, म्हणून कप्तानानं विमानाची टोपणं चढवली आणि दोघं वाट पाहत बसले.

त्या विमानतळावर प्रवाशांसाठी एक दिवाणखाना होता. जाड गालिचा, ताजी फुलं, भिंतीएवढी काच. वैमानिकांसाठी त्याच्या मागची खोली. तिथे एक कॉफीचं यंत्र, त्यावर "बंद आहे" असा कागद, तोही पिवळा पडलेला. दोन खुर्च्या, त्यातली एक पाठ मोडलेली. तास गेला, दुसरा गेला, दुपार झाली. हॉटेलवर जाऊन पाठ टेकावी म्हटलं तर मेहुण्याचं उत्तर ठरलेलं, मालक कधीही येतील. दोघांनी मालकानं सोडलेली द्राक्षं आणि अर्धं सँडविच वाटून खाल्लं.

मग उजवीच्या फोनवर निरोप आला. तिनं वाचला आणि उठून कप्तानाशी हात मिळवला.

"अभिनंदन, सर. आपण विश्रांती घेतोय."

"कधीपासून?"

"सकाळपासून. मालक संध्याकाळपर्यंत येत नाहीत असं कळलंय, म्हणून सकाळपासूनची विश्रांती धरलीय."

"मग मला झोपलेला समज."

"समजले. पण घोरू नका, दिवाणखान्यात ऐकू जातं."

तो हसला नाही. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. उजवीनं ते पाहिलं आणि पाठ असलेली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तिचेही डोळे लाल होते, पण तिचं वय असं की डोळे लाल असले तरी लोकांना वाटतं, झाली असेल कुठे पार्टी.

ऊन कलल्यावर मालकाची गाडी थेट विमानाशी आली. मालक, त्याचा सेक्रेटरी, पेट्यांचा ढीग आणि एक कुत्रा, वासराएवढा.

आता त्या टोपणांचं नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. विमानाच्या नाकाला दोन्ही अंगांना एकेक बारीक नळी असते. समोरची हवा तिच्यात शिरते आणि त्यावरून वैमानिकाला आपला वेग कळतो. डाव्या नळीवरून कप्तानाला, उजव्या नळीवरून शेजारच्याला. जमिनीवर थांबताना धूळ-किडे जाऊ नयेत म्हणून त्यांवर लाल कापडी टोपणं घालतात. ज्यानं घातली त्यानंच काढायची आणि खिशात ठेवायची, हा कप्तानाचा शिरस्ता. निघण्याआधी खिसा चाचपायचा. हाताला कापड लागलं, काम झालं. इतक्या वर्षांत हा हात चुकला नव्हता.

त्यानं डावीकडचं टोपण काढलं, खिशात घातलं आणि नाकाला वळसा घालून पलीकडे निघाला.

"कप्तान! अहो कप्तान!" सेक्रेटरी ओरडला. "हा पायऱ्या चढत नाहीये."

"एक मिनिट, पलीकडचं बघतो आणि—"

"मालक उन्हात उभे आहेत हो! उचला ना याला. मालकांच्या कमरेला त्रास होतो."

कप्तान परत फिरला. त्यानं कुत्रा उचलला. कुत्र्यानं त्याच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्यांवर लाळ गाळली, कान चाटला. मग पेट्या. मग बर्फ कमी होता म्हणून धावत दिवाणखान्यात. मग मालक घड्याळ बघत म्हणाला, "कप्तान, आपल्याला उशीर होतोय." दिवसभर उशीर एकट्या मालकानं केला होता, पण शेवटी तो "आपल्याला" झाला. नफा कधी असा वाटला गेल्याचं कुणी ऐकलं नाही.

दार ओढण्याआधी कप्तानानं खिसा चाचपला. हाताला कापड लागलं.

धावपट्टीवर विमान सुटलं. उजवीनं काट्यांवर नजर ठेवली होती.

"सर, तुमचा वेग आला. माझा येत नाही."

"येईल."

"येत नाहीये. शून्य आहे. थांबवा, सर. थांबवा!"

त्यानं थांबवलं. मागे ग्लास फुटल्याचा आवाज झाला, कुत्रा केकाटला, आणि विमान धावपट्टीच्या पार टोकाशी, थरथरत, उभं राहिलं. चाकांतून धूर येत होता. टायर एकेक करून बसले.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

कप्तान खाली उतरला आणि नाकाच्या उजव्या अंगाला गेला. लाल टोपण जिथल्या तिथे होतं. बर्फ धरू नये म्हणून नळी आतून तापवतात, त्यानं कापड करपलं होतं, त्याचा वास येत होता. त्यानं ते ओढून काढलं. मागे उजवी उभी.

"सर, ते मला द्या."

"कशाला?"

"मी काढायला विसरले असं म्हणू. तुमच्या घरी आप्पा आहेत. माझ्यामागे कोण आहे?"

"गप्प बस!" तो इतक्या जोरात ओरडला की पंखाखालचा अग्निशमन दलाचा जवान वळून बघायला लागला. "दुसऱ्याचं कापड आपल्या खिशात कधी घालायचं नाही. कळलं? कधी नाही!"

ती हिरमुसली. मग वरून सेक्रेटरीचा आवाज आला, कुत्र्यानं गालिच्यावर ओकलंय, कुणी आहे का. कुणी म्हणजे कोण, हे सांगायला नको. चाकांतून धूर येतोय, जवान धावताहेत आणि ज्यानं विमान सहीसलामत थांबवलं तो माणूस गुडघे टेकून ओकारी पुसतोय. मालक त्याच्या डोक्यावरून फोनवर बोलत होता. "नाही, आज जेवायला नाही जमत. काय सांगू, माणसंच असली मिळतात."

शनिवारी दुपारी मेहुणा घरी आला. हातात फळांची पेटी. रिकाम्या हातानं तो कधी येत नसे आणि रिकाम्या हातानं कधी जातही नसे.

"भाऊजी, मी सगळं निस्तरलंय," बसता बसता तो म्हणाला आणि दोन कागद काढले. एकावर लिहिलं होतं की उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून पाहणी करायचं काम त्या दिवशी सहवैमानिकाकडे होतं. दुसरं पुढच्या महिन्याचं वेळापत्रक. छापलेलं. चार शनिवार निळ्या पेनानं गोल केलेले.

"पहिल्यावर सही करा, दुसरं फ्रिजवर लावा."

"पाहणी माझ्याकडे होती," कप्तान म्हणाला.

"ती स्वतः मला म्हणाली की नावावर घेते. मी नाही हं मागितलं. लहान आहे, तिला वेळ आहे. तुमचं वय बघा, आप्पांकडे बघा. आणि थकव्याबिकव्याचा विषय काढू नका. तीन दिवस तुम्ही घरी विश्रांती घेतलीत, चौथ्या दिवशी तिकडे दिवसभर. इतका ताजातवाना वैमानिक आख्ख्या कंपनीत नाही."

कप्तानानं पहिला कागद पुढे ओढला. खोटं कशाला बोला, पेन त्यानं उचललं होतं. त्याची नजर त्या निळ्या गोलांवर होती आणि बायकोची त्याच्या बोटांवर.

"थांबा," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "सोमवारी पहाटेचा फोन कुणी उचलला होता रे?"

"ताई, तो वेगळा विषय—"

"मी उचलला होता. नंतरचेही निम्मे मीच. त्याला विश्रांती म्हणतोस?"

"नियमानं घरी असणं म्हणजे विश्रांतीच. नियम मी केलेला नाही."

"बरं. मग तूही घे." तिनं त्याचे बूट आणून त्याच्या पुढ्यात ठेवले. "घाल. सोफ्यावर बस. आज तू माझ्याकडे विश्रांतीला. आप्पांना तलाव दाखवायला न्यायचंय, खाली गाडीपर्यंत तू उचलशील. हाक मारली की लगेच उठायचं. तोवर आराम."

मेहुणा हसला. बहिणीची थट्टा म्हणून बूट घालून बसला. टीव्ही लावायला गेला तर ती म्हणाली, "हाक ऐकू येणार नाही." फोन काढला तर, "लक्ष दुसरीकडे जाईल." थोड्या वेळानं, "चल रे!" तो उठला. "थांब, आप्पांना चहा प्यायचाय." तो बसला. "चल!" उठला, आप्पांच्या काखेत हात घातला. "नको, ऊन आहे अजून. बस." त्याला चहा हवा होता. "आणते, पण मध्येच निघायचं झालं तर सांडेल. नकोच." जरा डोळा लागतोय तोच, "चल!" दारापर्यंत. "थांब."

"कधी?" पलंगावरून आप्पांनी विचारलं.

"बघू, आप्पा. मालकाच्या मनावर आहे."

सावल्या लांबल्या तेव्हा मेहुण्याचा सदरा पाठीला चिकटला होता. सहाव्या की सातव्या हाकेला तो उठला आणि सोफ्याची उशी भिंतीवर फेकून ओरडला, "ताई, काय छळ लावलायस! सांग ना एकदाच, जायचं की थांबायचं!"

कप्तानानं हे वाक्य ओळखलं. मेहुण्यानंही ओळखलं असावं, कारण त्यानं मान दुसरीकडे वळवली.

"छळ?" बहीण म्हणाली. "घरीच तर होतास. पाणीसुद्धा उचलून प्यायला लागलं नाही. मी लिहून ठेवते, दुपारभर विश्रांती." आणि मग तिचा आवाज चढला तो असा की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. "अरे, माणसं मेली असती! माझा नवरा, ती पोरगी, तुझा मालक, सगळी! आणि तू पेन घेऊन येतोस? फळं घेऊन येतोस?"

"मी नाही फोन केला तर माझ्या जागी दुसरा करेल, ताई. मलाही वरून फोन येतात."

"मग उचलू नकोस कधीतरी एखादा."

कप्तानानं पेनाला टोपण लावलं. पहिला कागद त्यानं फाडला नाही, नीट घडी घालून मेहुण्याच्या वरच्या खिशात ठेवला. "आज तू जा," तो म्हणाला. "माझं मी लिहितो."

त्यानं लिहिलं. टोपण मीच घातलं, मीच विसरलो. सहवैमानिकानं थांबवलं म्हणून आम्ही आहोत. पुढे तीन दिवसांचे सगळे फोन, कुठला कुणी उचलला त्यासकट. खाली बायकोनंही सही केली. विमानखात्याचे चौकशी अधिकारी भले गृहस्थ होते, त्यांनी सगळं सहानुभूतीनं वाचलं. मग म्हणाले की टोपणाची कबुली स्पष्ट आहे. विश्रांतीचं म्हणाल तर ती कंपनीच्या कागदोपत्री पुरेपूर दिसते.

आता जमाखर्च.

मालकाचं एक जेवण बुडालं. ते पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याच विमानानं जाऊन त्यानं भरून काढलं. टायर आणि गालिचा विमा कंपनीनं दिला. कुत्रा मजेत आहे. कंपनीनं या प्रकरणातून धडा घेतला: आता त्यांच्या कागदांवर नुसतं "विश्रांती" न छापता "फोनसकट विश्रांती" छापतात. मेहुणा त्याच जागेवर आहे, फक्त बहीण त्याचा फोन उचलत नाही, आणि दिवसातून एकदा तरी तो लावून बघतो म्हणतात.

उजवीला कंपनी काढू शकली नाही. विमान थांबवल्याबद्दल कुणाला काढायचं कसं? म्हणून त्यांनी तिला फोन करणं बंद केलं. उड्डाण नाही तर भत्ता नाही, आणि लिहून दिलेलं असल्यामुळे सोडूनही जाता येत नाही. कंपनीच्या हिशेबात ती अजून विश्रांती घेतेय.

कप्तानाचा परवाना रोखून ठेवलाय आणि नोकरी गेली. आकाशातून काही आवाज आला तर तो खिडकीशी जात नाही, पण आप्पांच्या पायाला तेल लावणारा त्याचा हात तेवढा वेळ थांबतो. बायको दर शनिवारी तलावावर जाते. फ्रिजवरचं कॅलेंडर आता पेनानं लिहिलेलं असतं, खोडरबर दोऱ्यासकट टाकून दिलाय. मागितले होते चार शनिवार. मिळाले सगळेच वार.

असा तो हिशेब मिटला. वसुली झाली ती पुढच्या दोन खुर्च्यांकडून. मागच्या आठ खुर्च्यांकडे कुणी मागायलासुद्धा गेलं नाही.